बॉल आत होता की नाही, हे कोणी सांगायचं?

कोपरखैरण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. सेक्टरच्या मैदानावरची पावसाळी स्पर्धा, फायनल, शेवटची काही मिनिटं. शॉट क्रॉसबारच्या खालच्या अंगाला लागला, खाली आपटला आणि उसळून परत मैदानात आला. रेफ्रींनी खेळ चालू ठेवला. मॅच संपल्यावर हरलेल्या टीमने कोणाच्या तरी मोबाइलमधला व्हिडिओ पुढे केला, राडा झाला, बक्षीस समारंभ कसाबसा उरकला. आता कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, फिफा यंत्रं वापरते तर आपणही पुढच्या वर्षी दोन कॅमेरे भाड्याने आणू आणि रेफ्रींना स्क्रीन दाखवू. दुसरा म्हणतो, व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफ्रींना चूक सांगणारे पंच) आल्यापासून फुटबॉलची मजाच गेली, रेफ्री म्हणेल ते खरं. यात बरोबर कोण आणि झालेल्या निकालाचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

ठाणे आणि नवी मुंबईच्या मैदानांवर मी बरीच वर्षं शिट्टी वाजवली, आता नव्या रेफ्रींना शिकवतो. माझं मत आधीच सांगतो. गोलरेषेसाठी यंत्र हवंच, त्यात मला शंका नाही. व्हीएआर मला मर्यादेत चालतो, आणि ती मर्यादा हल्ली फार सैल होत चाललीय असं वाटतं. तुमच्या स्पर्धेत मात्र मोबाइल किंवा भाड्याचा कॅमेरा निर्णयाच्या आसपासही फिरकू देऊ नका. ही तीन उत्तरं एकमेकांशी भांडताहेत असं वाटेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

‘गोल झाला का?’ असं आपण एका दमात विचारतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, पूर्ण बॉल पूर्ण रेषेच्या पलीकडे गेला का, दोन्ही पोस्टच्या मधून आणि बारच्या खालून? दुसरा, तो तिथे पोचण्याआधी जे घडलं ते नियमात होतं का, म्हणजे ऑफसाइड (पास दिला जाताना बचावपटूंच्या पलीकडे असणं), हँडबॉल, गोलकीपरला ढकलणं वगैरे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही, तिसरं काही नाही. त्यात कोणाच्या मताला जागा नाही, फक्त नीट दिसण्याची अडचण आहे. दुसऱ्या प्रश्नातला बराच भाग मताचा आहे. धक्का ‘पुरेसा’ होता का, हात ‘नैसर्गिक’ ठिकाणी होता का, हे कॅमेरा सांगू शकत नाही. तो फक्त दाखवतो, ठरवावं माणसालाच लागतं.

क्रिकेटने हा फरक लवकर ओळखला. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला तिसऱ्या पंचाने टीव्ही बघून बाद दिलेला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन, आणि तो धावबाद होता. म्हणजे यंत्राकडे पहिल्यांदा सोपवला गेला तो रेषेचा प्रश्न. पायचीत कितीतरी नंतर आलं. फुटबॉलला रेषेच्या प्रश्नासाठी त्यापुढे आणखी वीस वर्षं लागली.

आता दिसण्याची अडचण. प्रेक्षकांना वाटतं, लाइन्समन कशाला उभा असतो मग? तो गोलरेषेवर उभा नसतो. त्याची जागा शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत, कारण त्याला ऑफसाइड बघायचा असतो. कोणी लांबून शॉट मारला तर तो गोलरेषेपासून पंधरा-वीस मीटर अलीकडे असतो आणि धावत असतो. ४ जानेवारी २००५ ला ओल्ड ट्रॅफर्डवर टॉटनहॅमच्या पेद्रो मेंडिसने जवळजवळ मध्यरेषेवरून बॉल उचलून मारला. मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कॅरोलच्या हातून तो सुटला, चांगला हातभर आत पडला आणि त्याने तो ओढून बाहेर काढला. गोल दिला गेला नाही. त्या लाइन्समनला लोकांनी काय काय म्हटलं, पण तो जिथे असायला हवा होता तिथेच होता. इतक्या लांबून शॉट येईल आणि तो बॉलच्या आधी गोलरेषेवर पोचेल, हे कोणाच्याच पायात नाही.

त्यात बॉल गोल असतो आणि हेच लोक विसरतात. बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२. जमिनीला टेकतो तो त्याचा मधला बिंदू. म्हणजे टेकलेल्या जागेपासून अलीकडे ११ सेंटिमीटरपर्यंत बॉल हवेत पुढे आलेला असतो. रेषेच्या मागे बॉल टेकला, रेषा आणि टेकलेली जागा यांच्यात हिरवं गवत दिसतंय, तरी वरून पाहिलं तर बॉलची कड अजून रेषेवर असू शकते. तसं असेल तर गोल नाही. पावसाळ्यात आपल्याकडे एक हमखास दृश्य असतं. वाद झाला की दहाजण गोलजवळ जातात आणि चिखलातला ठसा दाखवतात, ‘बघा सर, लाइनच्या मागे आहे.’ ठशाची कड रेषेपासून दोन बोटं मागे असली तरी त्यावरून गोल सिद्ध होत नाही. घरी फरशीवर इन्सुलेशन टेप लावून बॉल ठेवून बघा. आधी बाजूने बघा, मग खुर्चीवर चढून अगदी वरून. बाजूने ‘आत’ वाटणारा बॉल वरून टेपवर लोंबकळताना दिसेल.

२०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये जपानच्या मितोमाने स्पेनविरुद्ध बाहेर जाणारा बॉल मागे ओढला आणि त्यावर तनाकाने गोल केला, तो असाच. जमिनीवरून काढलेल्या दृश्यात बॉल स्पष्ट बाहेर वाटत होता. वरून बघितल्यावर कड जेमतेम रेषेवर होती. गोल बरोबर होता, आणि अर्धं जग आजही त्याला चोरी म्हणतं.

म्हणून गोलरेषेच्या यंत्राला माझा बिनशर्त पाठिंबा. त्याची सुरुवात झाली ती २७ जून २०१० ला ब्लोमफाँटेनमध्ये वर्ल्ड कपच्या सामन्यात झालेल्या चुकीने. जर्मनी २-१ ने पुढे असताना इंग्लंडच्या लॅम्पार्डचा शॉट बारला लागून चांगला आत पडला, बाहेर आला, आणि ना रेफ्रींना दिसला ना लाइन्समनला. इंग्लंड ४-१ ने हरलं. तोवर यंत्राला विरोध करणारे फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी माफी मागितली आणि दार किलकिलं झालं. ५ जुलै २०१२ ला नियम ठरवणाऱ्या मंडळाने गोलरेषेच्या तंत्रज्ञानाला मान्यता दिली, त्याच डिसेंबरात जपानमधल्या क्लब वर्ल्ड कपला ते वापरलं गेलं. २०१४ च्या ब्राझील वर्ल्ड कपला प्रत्येक गोलवर सात, असे चौदा कॅमेरे होते. फ्रान्स-होंडुरास सामन्यात बेंझेमाचा शॉट पोस्टला लागून गोलकीपरच्या अंगावरून आत गेला, तो वर्ल्ड कपमधला यंत्राने सांगितलेला पहिला गोल.

त्यात मला आवडतं ते त्याचं साधेपण. उत्तर एका सेकंदात रेफ्रींच्या घड्याळावर येतं, घड्याळ थरथरतं आणि गोल असल्याचं दाखवतं. खेळ थांबत नाही, कोणी स्क्रीनकडे धावत नाही, रेफ्रींभोवती कोंडाळं होत नाही. तुमच्या दुसऱ्या तटाची ‘मजा गेली’ ही तक्रार या यंत्राला लागूच होत नाही. शिवाय मॅचआधी रेफ्री स्वतः यंत्र तपासून घेतात. ते तपासल्याशिवाय वापरायचंच नाही, असा नियम आहे.

ते चुकत नाही असंही नाही. जून २०२० मध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफिल्ड युनायटेडच्या मॅचमध्ये गोलकीपर बॉल पोटाशी धरून सरळ जाळीत गेला आणि घड्याळ गप्प राहिलं. खेळाडू आणि पोस्टमुळे सातही कॅमेऱ्यांसमोर बॉल झाकला गेला होता. नऊ हजारांवर सामन्यांत असं पहिल्यांदाच झालं, असं यंत्राच्या कंपनीने सांगितलं. माणसाशी तुलना केली तर हे प्रमाण मी आनंदाने घेईन.

यावर लोक म्हणतात, युरोपात हे सगळं ठीक, आपल्याकडे कुठे. तर आपल्याकडचंच बघा. २५ ऑक्टोबर २०१७, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, १७ वर्षांखालील वर्ल्ड कपची सेमीफायनल, स्पेन विरुद्ध माली. स्पेन २-० ने पुढे असताना मालीच्या शेख डुकुरेने लांबून असा काही शॉट मारला की तो बारच्या खालच्या अंगाला लागून रेषेच्या आत आपटला आणि बाहेर आला. गोल दिला नाही. रिप्लेमध्ये बॉल आत होता. स्पेन ३-१ ने जिंकलं. फिफाची स्पर्धा, जगातले निवडक पंच, चकाचक मैदान, आणि घटना हुबेहूब तुमच्या फायनलसारखी. त्या वेळी तिथे गोलरेषेचं यंत्र नव्हतं. तेव्हा तुमच्या रेफ्रींना आंधळा म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा. पाच वर्षांनी त्याच स्टेडियममध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली तेव्हा व्हीएआर होता.

इथवर सोपं होतं. गोलरेषेचं यंत्र फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि कित्येकदा पहिल्याचं बरोबर उत्तर मिळूनही निकाल चुकू शकतो. युरो २०१२ मध्ये दोनेत्स्कला युक्रेनच्या देविचचा शॉट इंग्लंडच्या जॉन टेरीने रेषेच्या आतून परतवला. तेव्हा यंत्र नव्हतं, पण पोस्टपासून काही पावलांवर खास या कामासाठी जादा पंच उभा होता, आणि त्यालाही दिसलं नाही. जगभर बोंब झाली. पण त्याच चढाईत आधी युक्रेनचा एक खेळाडू ऑफसाइड होता आणि तेही निसटलं होतं. यंत्र असतं तर घड्याळ थरथरलं असतं, गोल मिळाला असता आणि तो गोल चुकीचा ठरला असता.

भारताच्या चाहत्यांना ११ जून २०२४ ची दोहातली रात्र आठवत असेल. वर्ल्ड कप पात्रतेचा सामना, छांगटेच्या गोलने आपण कतारविरुद्ध पुढे होतो. आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवलेला बॉल पोस्टच्या बाजूने गोलरेषेच्या बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने मागे ओढला, दुसऱ्याने आत मारला आणि गोल दिला गेला. आपण २-१ ने हरलो आणि पात्रता फेरीतून बाहेर पडलो. त्या रात्री सगळे म्हणत होते, ‘गोललाइन टेक्नॉलॉजी हवी होती.’ तिचा काही उपयोग झाला नसता. ती दोन पोस्टच्या मधलं सांगते, बाजूने बाहेर गेलेला बॉल तिच्या हिशोबात नाही. तिथे व्हीएआर हवा होता आणि पात्रतेच्या त्या फेरीत तो नव्हता.

उलटही होतं. एप्रिल २०२४ मध्ये माद्रिदला बार्सिलोनाच्या लमीन यमालचा बॉल आत गेला की नाही, यावरून रणकंदन झालं. स्पॅनिश लीगने खर्चाचं कारण देऊन गोलरेषेचं यंत्र घेतलेलं नव्हतं. व्हीएआर होता, स्क्रीनसमोर माणसं बसली होती, कॅमेरे ढीगभर होते, पण रेषेच्या अगदी सरळ एकही नव्हता. शेवटी ‘खात्रीने सांगता येत नाही’ म्हणून गोल नाही. म्हणजे रेषेचा प्रश्न व्हीएआरने सुटेल हा भ्रम आहे आणि मतांचा प्रश्न गोलरेषेच्या यंत्राने सुटेल हाही. दोन्ही साधनं वेगळ्या कामाची आहेत.

व्हीएआरबद्दल माझी खरी तक्रार वेळेची नाही. वेळ जातो तर जाऊ द्या, पेनल्टीवरच्या हुज्जतीत त्याहून जास्त जातो. माझी तक्रार अशी की व्हीएआर म्हणजे कॅमेरा असं लोक समजतात, पण ती कॅमेऱ्यासमोर बसलेली माणसं असतात आणि माणसं बोलण्यात घोळ घालतात. सप्टेंबर २०२३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियासचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला. खोलीत बसलेल्या पंचाला चित्र बरोबर दिसलं, तो ऑफसाइड नव्हता. पण मैदानात गोल दिलाय असं त्याला वाटलं, म्हणून त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढंच सांगितलं. खेळ सुरू झाला आणि नियमाप्रमाणे मग मागे जाता येईना. चांगला कॅमेरा, चांगला पंच, बरोबर उत्तर, आणि निर्णय चुकीचा.

व्हीएआरचा मूळ करार चार गोष्टींचा होता: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड. तेही उघडउघड चूक असेल तरच. हा करार पाळला तर मी व्हीएआरच्या बाजूने. पण लोकांना तो सगळीकडे हवा असतो. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूला यजमान टीमच्या छेत्रीने केरळ ब्लास्टर्सच्या खेळाडूंची भिंत लागायच्या आत फ्री किक मारली, गोल झाला आणि केरळची टीम मैदान सोडून गेली. त्यांना महासंघाने ४ कोटींचा दंड ठोकला. त्या आठवड्यात जो तो व्हीएआर मागत होता. फ्री किक घ्यायला परवानगी होती की नाही, हे व्हीएआरच्या कक्षेतच येत नाही. तो सगळा रेफ्री आणि खेळाडू यांच्यातल्या इशाऱ्यांचा मामला होता.

आता तुमच्या मैदानावर येऊ. पैसे जमवून दोन कॅमेरे आणले किंवा कोणाचा मोबाइल बघितला तर काय बिघडतं?

सगळ्यात आधी वेगाचा हिशोब. आपल्या पोरांचा चांगला शॉट ताशी ८० किलोमीटरने जातो असं धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो. दोन चित्रांच्या मध्ये बॉल ७० सेंटिमीटरच्या वर पुढे सरकलेला असतो. बारला लागून वेग निम्मा झाला तरी फूटभर तर नक्कीच. आपल्याला शोधायचाय तो क्षण त्या दोन चित्रांच्या फटीत गेला असेल आणि राहील तो बॉलचा लांबट पांढरा फराटा. तो झूम करून दाखवणारा माणूस प्रामाणिक असतो, पण त्याला दिसतंय ते त्या क्षणाचं चित्र नव्हे.

मग कोन. ही गोष्ट मी रेफ्रींच्या वर्गात नेहमी करून दाखवतो. बॉल हवेत असताना उंचावरून बघणाऱ्याला तो प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा पलीकडच्या जमिनीवर आहे असं भासतं. म्हणून मैदानाच्या अंगाला, गोलरेषेपासून पंचवीस यार्डांच्या आसपास पायऱ्यांवर बसलेल्याला हवेतला बॉल जास्त आत गेलेला दिसतो. गोलच्या मागे सोसायटीच्या गॅलरीत उभ्या असलेल्याला तोच बॉल मैदानाकडे ढकललेला, म्हणजे बाहेर दिसतो. दोन्ही टीमचे व्हिडिओ मागवलेत तर दोघंही खोटं न बोलता उलट पुरावा देतील. खरं सांगू शकणारी जागा एकच, रेषेच्या बरोबर सरळ, आणि तिथे बहुतेक वेळा पाण्याच्या बाटल्या आणि किटबॅगांचा ढीग असतो.

राहिला नियम. जिल्हा संघटनेकडून आलेले रेफ्री तुमच्या स्क्रीनकडे बघूच शकत नाहीत. व्हिडिओ वापरायचा तर तो मान्यता मिळालेल्या पद्धतीनेच, आणि त्या मान्यतेसाठी प्रशिक्षण आणि चाचण्या लागतात. आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगमध्येही मी हे लिहितोय तोवर व्हीएआर नाही, मग सेक्टरच्या मैदानावर कुठून येणार. फिफाने छोट्या स्पर्धांसाठी कमी कॅमेऱ्यांची एक पद्धत २०२४ पासून तपासायला घेतलीय. त्यात प्रत्येक कोचला मॅचमध्ये दोनदा दाद मागता येते, दाद बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते आणि रेफ्री स्वतः बाजूला जाऊन स्क्रीन बघतात, खोलीत वेगळे पंच नसतात. २०२४ च्या मुलींच्या २० वर्षांखालील वर्ल्ड कपला ती वापरली. आपल्या राज्य पातळीवर कधी काही आलं तर ते असंच येईल, असा माझा अंदाज आहे. पण तीही रेषेचा प्रश्न सोडवणार नाही, कारण तिथेही कॅमेरा सरळ रेषेत हवाच.

कॅमेऱ्याचं भाडं वाचवलंत तर ते कुठे घालायचं, ते सांगतो. हे मैदान, टीमची संख्या आणि तुमच्या खिशावर अवलंबून आहे, पण फायनल आणि दोन सेमीफायनल एवढ्यांसाठी तरी गोलरेषेवर माणूस उभा करा. संघटनेकडून रेफ्री मागवताना आणखी दोन मागा. नवे, परीक्षा पास झालेले पोरगे-पोरगी चालतील, त्यांना सराव हवाच असतो. लाइन्समनच्या विरुद्ध बाजूला, पोस्टपासून थोडं दूर, रेषेच्या अगदी सरळ त्यांची जागा. जाळीच्या मागे नाही, तिथून काही दिसत नाही. दोनेत्स्कला असा माणूस असूनही चुकला, हे मी वर लिहिलंय आणि ते खोडत नाही. पण तिथे बचावपटूचं पूर्ण शरीर मध्ये होतं. तुमच्या फायनलसारखा बारवरून खाली येणारा बॉल त्याला लाइन्समनपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो.

त्याला शिकवायचं ते असं. शॉट मारला जाताना पाय थांबवायचे, कारण हलत्या डोक्याने रेषा दिसत नाही. आणि डोळे बॉलमागे धावू द्यायचे नाहीत. नजर दोन पोस्टच्या मधल्या रेषेवर रोखून ठेवायची आणि बॉलला त्या नजरेत येऊ द्यायचं. बॉलचा पाठलाग करणारी नजर रेषेशी पोचेपर्यंत बॉल परत बाहेर आलेला असतो. पूर्ण बॉल आत दिसला तर लगेच फ्लॅग वर, शिट्टी झाली की सेंटर लाइनच्या दिशेने पळायचं. खात्री नसेल तर गप्प उभं राहायचं. ‘बहुतेक आत होता’ हे उत्तर रेफ्रींच्या कामाचं नसतं, आणि मॅचआधीच्या बैठकीत त्यांनी हे सगळ्यांसमोर ठरवून घ्यावं.

दुसरी गोष्ट फक्कीची, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीची. पावसात रेषा धुऊन जाते आणि ग्राउंड्समन दर मॅचला तिच्यावर पुन्हा फक्की ओततो. संध्याकाळपर्यंत ती एका बाजूला फुगत फुगत वितीएवढी होते. नियमात गोलरेषेची रुंदी पोस्टएवढी, जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर. रेषा जाळीच्या बाजूला फुगली तर गोल करणाऱ्याला तेवढा जास्त बॉल आत न्यावा लागतो. पोस्टच्या दोन्ही कडांना सुतळी ताणून तिच्या आत फक्की मारा आणि हाफटाइमला एक नजर टाका. पाच मिनिटांचं काम आहे, पण मी जातो त्या स्पर्धांमध्ये क्वचितच कोणी करतं.

तिसरी जाळी. ऑक्टोबर २०१३ मध्ये होफेनहाइमविरुद्ध लेव्हरकुसेनच्या कीसलिंगचं हेडर पोस्टच्या बाहेरून गेलं, बाजूच्या जाळीला भोक होतं त्यातून आत शिरलं आणि गोल दिला गेला. बुंडेसलीगा, टीव्हीचे कॅमेरे, अनुभवी रेफ्री, आणि गोत्यात आणलं जाळीच्या भोकाने. आपल्याकडे जाळी काठीला सुतळीने बांधलेली असते आणि खालून वीतभर वर उचललेली. घोडबंदर रोडच्या टर्फवर वेगळीच पंचाईत असते. तिथे गोलच्या आतल्या मागच्या पाइपवर आपटून बॉल इतक्या वेगाने परत येतो की बारला लागला असंच वाटतं. तिथे जाळी पाइपच्या पुढे सैल लटकू द्या, बॉल आत मरतो आणि प्रश्नच उरत नाही.

झालेल्या निकालाबद्दल. तो बदलू नका, पुन्हा मॅचही घेऊ नका. खेळातल्या घटनेवरचा रेफ्रींचा निर्णय अंतिम असतो, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर त्यांना स्वतःलाही तो फिरवता येत नाही. कीसलिंगच्या त्या गोलवर होफेनहाइमने दाद मागितली होती. बॉल बाहेरून गेला हे साऱ्या जर्मनीने पाहिलं होतं, तरी महासंघाच्या क्रीडा न्यायालयाने पुन्हा मॅच घ्यायला नकार दिला आणि निकाल कायम राहिला. तुम्ही मोबाइल बघून एक निकाल फिरवलात तर पुढच्या वर्षी क्वार्टर फायनलचे सगळे थ्रो-इन व्हॉट्सॲपवर येतील.

हरलेल्या टीमला एक गोष्ट मात्र देता येईल. त्यांच्या कॅप्टनला आणि त्या दिवशीच्या रेफ्रींना एकत्र बोलवा, व्हिडिओ शांतपणे बघा आणि तो कुठून काढलाय ते मैदानावर जाऊन त्याच जागी उभं राहून तपासा. रेफ्री तयार होतील, माझा अनुभव तरी तसा आहे, फक्त चाळीसजणांच्या गराड्यात त्यांना बोलवू नका. आणि पुढच्या वर्षीच्या एंट्री फॉर्मवर एक ओळ आधीच छापा: निर्णयासाठी कोणताही व्हिडिओ ग्राह्य धरला जाणार नाही, तक्रार फक्त खेळाडूच्या पात्रतेबद्दल करता येईल. त्या ओळीखाली प्रत्येक कॅप्टनची सही ड्रॉ काढायच्या आधी घ्या, नंतर कोणी देत नाही.